नवरा, नवरी आणि तीन स्टेशनं

कर्जत लोकल पकडा आणि अंबरनाथ सुटलं की उजवीकडची खिडकी गाठा. मिळाली तर! नाहीतर दारात लटकलेल्याच्या खांद्यावरून बघा. बिल्डिंगांच्या फटींतून एक डोंगररांग तुमच्यासोबत पळत असते. मागे राहिलेला मलंगगड, मग ताहुली, नवरा-नवरीचे सुळके, म्हसमाळ, बदलापूर-वांगणीच्या मध्ये चंदेरीचा टोकदार माथा, पुढे नाखिंड, पेब आणि नेरळच्या डोक्यावर माथेरान. रोज बघतो आपण. म्हणजे मोबाइलमधून मान वर काढली तर.

लाँग डिस्टन्स हायकिंग म्हटलं की आपल्याला थेट स्पेनचं कामिनो आठवतं. नाहीतर अमेरिकेतला पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, चार हजार किलोमीटरच्या वर आणि साधारण पाच महिन्यांचा. आणि आपली रजा? वर्षाची मोजून पंधरा. त्यात गणपती, दिवाळी आणि मावसबहिणीचं लग्न!

म्हणून मी आणि माझ्या नवऱ्याने खिडकीतलीच रांग चालायची ठरवली. एका दमात नाही. एका रविवारी एक तुकडा.

तो उल्हासनगरचा, कॅम्प चारमधला. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत जी सिंधी कुटुंबं आली, त्यांत त्याचे आजोबा होते. १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. मी बदलापूरची. लग्नानंतर अंबरनाथला वन बीएचके घेतला, म्हणजे दोन्ही घरांना समान न्याय. डोंगर फक्त ट्रेनमधून बघायचे असतात, यावर मात्र दोन्ही घरांचं एकमत!

तो ऐरोलीत नाइट शिफ्टला, मी दिवसभर डेडलाइनच्या मागे. आमचं बोलणं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर आलं होतं. ‘दूध संपलंय.’ ‘ईएमआय भरला.’ भांडायलासुद्धा वेळ नव्हता. रविवार तेवढा दोघांचा, तोही मॉलमध्ये पार्किंग शोधण्यात जायचा.

पहिला तुकडा मलंगगड. कुणी हाजी मलंग म्हणतं, कुणी श्रीमलंग. पीर माचीपर्यंत पायऱ्या, दुकानं, गर्दी. त्यावर सोने माची आणि सगळ्यात वर बालेकिल्ला. बालेकिल्ल्याच्या वाटेवर एका ठिकाणी कडा तुटलेला आहे आणि लोक चक्क पाइपवरून पलीकडे जातात. दोर आणि अनुभवी माणूस सोबत असेल तरच. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. तिथे उभं राहून आम्ही एक नियम केला. दोघांपैकी जो आधी ‘परत’ म्हणेल, त्याचं ऐकायचं. का, कशाला, अजून थोडं, काही नाही. मुकाट्याने खाली उतरायचं.

डिसेंबरात ताहुली झाली. वरून एका बाजूला आमची बिल्डिंगांची गर्दी आणि पाठीमागे हिरवा शांतपणा. ज्या काळ्या दगडात १०६० सालचं अंबरनाथचं शिवमंदिर घडवलं, त्याच जातीचा दगड इथे पायाखाली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यावर बसून आम्ही सासूबाईंनी दिलेली कोकी खाल्ली. कांदा-मिरची घातलेली ही जाड सिंधी पोळी दुसऱ्या दिवशीही मस्त लागते. पिझ्झाला हे जमत नाही!

नियमाची खरी परीक्षा झाली चंदेरीवर. शेतं आणि ओढा ओलांडला की चढ अंगावर येतो. शेवटी तर पायाखालची खडी सुटत राहते. सुळक्याच्या पोटात एक गुहा आहे, तिथे दम खायला बसलो. समोर माथेरान, प्रबळगड, खाली उल्हास नदी आणि खेळण्यातली वाटावी अशी लोकल. २७ जुलै २०१९ ला याच टापूत, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. वरून बघताना ती नदी इतकी गरीब दिसते, की विश्वास बसत नाही.

मला सुळक्यावर जायचं होतं. तो शनिवारी पहाटे ड्यूटीवरून आलेला, झोप अर्धवट. म्हणाला, “परत.” बस्स, एवढंच. माथा हाताच्या अंतरावर दिसत होता. मी सॅक उचलली आणि उतरायला लागले. खरं सांगू? तासभर गप्पच होते.

पायथ्याला आल्यावर तो म्हणाला, “अगं, नाइट शिफ्टमधूनही परत फिरायचंय मला. पगार कमी मिळेल, चालेल?” हे तो वर्षभर मनात घेऊन फिरत होता. फ्रिजवरच्या चिठ्ठीत मावत नव्हतं बहुतेक. मी ‘अजून थोडं’ म्हणणार होते. ईएमआयचा आकडा डोळ्यांसमोर होता. पण नियम म्हणजे नियम.

आता तो दिवसपाळीत आहे. पगार कमी झाला, गाडी घ्यायचं पुढे गेलं. रात्रीचं जेवण मात्र एका ताटलीत नसलं तरी एका टेबलावर होतं.

फेब्रुवारीत नेरळहून पेब चढलो आणि माथेरानला निघालो. लोखंडी शिडी, मग कड्यावरचा गणपती, मग मिनी ट्रेनच्या रुळांची सोबत. १९०७ पासूनचे हे रूळ. उतरताना दस्तुरीहून शेअर टॅक्सी!

तुम्हालाही जायचंय? ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. माणशी तीन-चार लिटर पाणी घ्या, टाक्यांवर भरवसा नको. पायथ्याच्या गावातला वाटाड्या घ्या, त्याचे पैसे व्यवस्थित द्या. पावसाळ्यात चंदेरीचा सुळका आणि कोंडेश्वरचे डोह लांबूनच बघा. घरी परतीची वेळ सांगून निघा.

आमचे नवरा-नवरी अजून बाकी आहेत. पुढच्या हिवाळ्यात. आणि तिथे कुणीतरी आधी ‘परत’ म्हणालं, तर कोकी गुंडाळायची आणि उतरायचं.