बाटलीत काय आहे?

ऑक्सिटोसिन म्हटलं की आपल्याकडे प्रसूतीच्या कळा वाढवायला सलाइनमधून देतात ते औषध आठवतं, नाहीतर म्हशीने पान्हा सोडावा म्हणून गोठ्यात चोरून टोचलेलं इंजेक्शन. सॅन डिएगोत जोडप्यांवर उपचार करताना माझी त्याच्याशी गाठ पडते ती नाकात मारायच्या फवाऱ्यातून. युद्धावरून परतलेला, आघाताने पछाडलेला सैनिक सत्राच्या अर्धा तास आधी ४० युनिटं ओढतो आणि बायकोशेजारी येऊन बसतो. ही औषधाची चाचणी आहे, त्यामुळे काही बाटल्यांत औषधच नसतं. कोणाची कोणती, हे त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही.

जोडप्याच्या या उपचाराची पद्धत मूळची कॅन्डिस मॉन्सन आणि स्टेफनी फ्रेडमन यांची, १५ सत्रांची. आम्ही तिचं ८ सत्रांचं रूप वापरतो. युद्धातला प्रसंग तपशिलात सांगायला लावत नाही. खरं काम असतं टाळाटाळीवर, आणि ती दोघं मिळून करत असतात. हॉटेलात भिंतीकडे पाठ येईल अशी खुर्ची ती त्याच्यासाठी राखते. बाजारहाट एकटीच उरकते. ४ जुलैच्या आतषबाजीआधीच खिडक्या लावून घेते. (सैनिक ती असेल, तर हे सगळं नवरा करतो.) या सांभाळून घेण्यातच आजाराला थारा मिळतो. पण हे तिला सांगायचं कसं? तिने वर्षानुवर्षं घर उभं धरलेलं असतं. मी 'का करता?' असं विचारत नाही. 'यात तुमचं काय काय राहून गेलं?' असं विचारते. बहुतेकदा उत्तराआधी ती नवऱ्याकडे बघते.

ऑक्सिटोसिनला वर्तमानपत्रांनी 'प्रेमाचं संप्रेरक' करून टाकलं. १९५३मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी प्रयोगशाळेत बनवलेला हा नऊ अमिनो आम्लांचा रेणू इतका भाबडा नाही. काही अभ्यासांत त्याने विश्वास वाढण्याऐवजी कमी झालेला दिसला. घरात आधीच विखार असेल, तर नुसत्या फवाऱ्यावर माझा भरवसा नाही. म्हणून सुरुवातीची सत्रं रागाला आवर घालण्याची: भांडण चढायला लागलं की कोणी, कोणत्या शब्दांत थांबवायचं आणि पुन्हा बोलायला कधी बसायचं.

सत्र छान झालं की वाटतंच, औषधाचीच बाटली असणार. हा मोह वाईट. श्रेय बाटलीला दिलं की त्या दोघांनी नेमकं काय केलं, हे बघायचं राहून जातं. म्हणून टिपणात मी एवढंच लिहिते: कोण कोणाकडे वळून बोललं, कोणतं वाक्य अर्ध्यावर तुटलं. आणि पुढचा गृहपाठ: शनिवारी संध्याकाळी, ऐन गर्दीत, दोघांनी दुकानात जायचं. ट्रॉली त्याने ढकलायची, आणि तिने 'निघूया का?' असं आपणहून विचारायचं नाही.