गिरणीकामगारांनी नेलेला कप

चि. मुक्ता हिस,


फुटबॉलची लीग असताना इंग्लंडमध्ये लोक एफए कपचं एवढं काय घेऊन बसतात, असं तू प्रेस्टनहून फोनवर विचारलंस. अगं, लीग 1888 ची. कप 1871-72 पासूनचा. हॅरो शाळेत ‘हरला तो बाहेर’ असे सामने व्हायचे, फुटबॉल संघटनेचा चिटणीस चार्ल्स अल्कॉक याने तीच रीत देशाला लावली. पहिल्या वर्षी जेमतेम 15 संघ होते. पहिली अकरा वर्षं कप साहेबलोकांतच फिरला: वाँडरर्स, रॉयल इंजिनिअर्स, ऑक्सफर्ड, ओल्ड इटोनियन्स वगैरे.

मग आली 1883 ची फायनल. तुझ्या प्रेस्टनशेजारचं ब्लॅकबर्न म्हणजे गिरण्यांचं गाव. शनिवारी दुपारी गिरण्या सुटायच्या, म्हणून तिथे फुटबॉल रुजला. ब्लॅकबर्न ऑलिम्पिकमध्ये विणकर होते, ओतशाळेतला मजूर होता, नळकाम करणारा होता. समोर ओल्ड इटोनियन्स, म्हणजे ईटन शाळेचे माजी विद्यार्थी. त्यांचा कर्णधार आर्थर किनेर्ड, ही त्याची नववी फायनल! ओतशाळेचे मालक सिडनी येट्स यांच्या पैशावर ऑलिम्पिकचे लोक ब्लॅकपूलला समुद्रकाठी सराव करून आले होते. सभ्य मंडळींना हे रुचलं नाही. सराव करून जिंकायचं म्हणजे काय! लंडनच्या ओव्हल मैदानावर 1-1 अशी बरोबरी झाली, जादा वेळेत इटोनियन्सचे पाय जड पडले आणि ऑलिम्पिकच्या जिमी कॉस्टलीने विजयी गोल मारला.

खरं दुखणं पैशाचं होतं. तुझे पणजोबा परळच्या गिरणीत साच्यावर होते. एक खाडा म्हणजे घरात काय, हे आपल्याला सांगायला नको. खेळायला गेलेल्या कामगाराची मजुरी कोण भरून देणार? खेळण्याचा पगार नियमात बसत नव्हता, आतून मात्र अनेक क्लब तो द्यायचे. 1884 मध्ये तुझ्या प्रेस्टनवर लंडनच्या अप्टन पार्कने तक्रार केली. प्रेस्टनचे कारभारी विल्यम सडेल यांनी सरळ कबूल केलं, हो, आम्ही खेळाडूंना पैसे देतो. प्रेस्टनला स्पर्धेबाहेर काढलं. पण उत्तरेकडचे क्लब बिथरले, वेगळी संघटना काढायच्या गोष्टी सुरू झाल्या आणि 1885 मध्ये पगार कायदेशीर झाला. कप लंडनला परतला तो थेट 1901 मध्ये, टॉटनहॅममुळे.

पगार सुरू झाल्यावर ज्याची थैली मोठी त्याचा संघ मोठा, हेही आलंच. 1889 मध्ये प्रेस्टनने एकही गोल न खाता कप जिंकला, लीगही जिंकली. त्याच वर्षी ब्लॅकबर्न ऑलिम्पिकला पगार परवडेनात आणि तो क्लब बंद पडला.

तुझा,
मामा