एका स्क्रूची किंमत

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. परवा क्लिनिकमधल्या जुन्या वह्या आवरताना तात्यांचं पान निघालं. म्हटलं, हे एकदाचं लिहूनच टाकावं.

तात्या आमच्या राहाता तालुक्यातले ऊसवाले. खालची एक दाढ गेलेली. माझी प्रॅक्टिस तेव्हा नवी होती. एक विक्रेता निम्म्या भावात इम्प्लांट देत होता. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं, तरी घेतले. वाटलं, पेशंटचे पैसे वाचले. (खरं सांगायचं तर माझेही!)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इम्प्लांट ही एक वस्तू नसते. हाडात बसतो तो टायटॅनियमचा खुंट. हाड टायटॅनियमला घट्ट धरून ठेवतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशांवर काम करताना दिसलं आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. खुंटावर अ‍ॅबटमेंट, त्याला धरणारा इवलासा स्क्रू, वर कॅप. शिवाय हिरडी भरेपर्यंतचं झाकण, मापासाठी ट्रान्सफर, लॅबसाठी अ‍ॅनालॉग. प्रत्येकाचे पैसे वेगळे. आणि एका कंपनीचा स्क्रू दुसरीच्या खुंटात बसेलच असं नाही.

सहा वर्षांनी तात्या आले. "ताई, नट ढिला झालाय वाटतं."

ढिला नव्हता, तुटला होता. तुकडा कसाबसा काढला, पण नवा स्क्रू आणायचा कुठून? विक्रेत्याचा फोन बंद. कंपनीचा पत्ता नाही. नगर, पुणे, मुंबई, सगळीकडे विचारून झालं. खुंट मात्र हाडात ठणठणीत! तो ठणठणीत खुंट मला हाड कोरून काढावा लागला, एका स्क्रूपायी. जखम भरून नवा बसेपर्यंत कित्येक महिने गेले. पैसे मी घेतले नाहीत, पण दुखलं ते त्यांनाच.

तात्या रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ज्या इंजनाचे पार्ट श्रीरामपुरात मिळत नाहीत, ते इंजन आम्ही घेत नाही."

इतकं शिकून मला हे सुचलं नव्हतं.

तेव्हापासून एकच सिस्टिम वापरते, जिचे सुटे भाग मागवले की मिळतात. देशी की परदेशी, हा प्रश्न नंतरचा. ऑपरेशनआधी खुंटापासून कॅपपर्यंत सगळ्या भागांची यादी करून पेशंटला एकच आकडा सांगते. मध्येच "आणखी एवढे लागतील" म्हटलं की माणसाचा विश्वास उडतो. ट्रान्सफर नीट निर्जंतुक करून पुन्हा वापरता येतो, तिथे काटकसर करते. शेवटचा स्क्रू मात्र नवा आणि त्याच कंपनीचा.

सगळ्यात मोठी बचत भागांच्या भावात नसते, ती आखणीत असते. खालचा जबडा पूर्ण बोळका असेल तर सहा-आठ खुंट लागतातच असं नाही. कॅनडात मॉन्ट्रियलला २००२ साली तज्ज्ञांनी एकत्र बसून सांगितलं, की अशा जबड्यात दोन खुंटांवर अडकणारी कवळी हाच पहिला पर्याय असावा. आमच्याकडच्या कितीतरी आजीआजोबांना ती परवडते.

आणि आम्ही तिघे डॉक्टर मिळून एकदम ऑर्डर देतो, भाव बरा मिळतो. प्रवरानगरला शेतकऱ्यांनी एकत्र येऊन १९५० साली स्वतःच्या कारखान्यात ऊस गाळायला सुरुवात केली. त्याच मातीत राहून स्क्रूसुद्धा सुटासुटा घ्यायचा म्हणजे लाजच की!

इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतो. कंपनी, व्यास, लांबी, लॉट नंबर. तो आता कार्डावर चिकटवून प्रत्येक पेशंटला देते. तात्या ते पाकिटात साईबाबांच्या फोटोमागे ठेवतात. "दोघंही अडीनडीला लागतात," म्हणाले.

असो. मावशी, तू हे वाचतेसच. पुढच्या महिन्यात नाशिकला तुझी दाढ बसवणार आहेत ना? कार्ड मागून घे. लाजू नकोस.