हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की आबा गुळगुळीत दाढी करायचे, इस्त्रीचा पांढरा सदरा घालायचे आणि बँकेत जायचे. कशासाठी? तर आपण अजून जिवंत आहोत, हे सरकारला सांगण्यासाठी! पेन्शन घेणाऱ्याला दरवर्षी हा हयातीचा दाखला द्यावा लागतो. परतताना अकोल्याच्या बाजारातून पावशेर जिलेबी आणायचे आणि दारातूनच ओरडायचे, "घ्या व, एक वरीस वाढवून आनलं!" २०२४ च्या ऑक्टोबरात ते गेले. नोव्हेंबर तोंडावर आला होता. त्या वर्षी जिलेबी आली नाही.

आबा म्हणजे माझे आजोबा. महार रेजिमेंटमधून नाईक म्हणून निवृत्त झालेले. आता पुढे तोफा धडाडणार, असे वाचकांना वाटले असेल. मलाही तसेच वाटायचे. शाळेत 'मी पाहिलेला वीर' असा निबंध आला की मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसे. आबा काय सांगत? खंदक खणताना मातीला कसा वास येतो, थंडीत बंदुकीचे लोखंड हाताला कसे चटका देते, दिवा लावायची मनाई असताना अंधारात पोळी कशी खावी. "अन् मंग?" मी विचारी. "मंग चहा आला." माझा निबंध काही केल्या रंगत नसे.

१९६९ साली ते भरती झाले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, म्हणजे आज माझे आहे तेच वय. मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या बाहेर तोवर फारसे गेलेले नव्हते. अकोला, भुसावळ, इटारसी, बीना करीत सागरला पोचले. रेजिमेंटचे केंद्र तिथेच आहे. पहिल्या महायुद्धातली महारांची पलटण इंग्रजांनी १९२१ साली मोडली होती. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्यामागची बाबासाहेबांची खटपट आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्यामुळे आबांची टोपी खुंटीवर नव्हे, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली असायची. तिच्यावरच्या बिल्ल्यावर दोन तिरप्या मशीनगनी अन् मध्ये खंजीर.

१९७१ च्या उन्हाळ्यात लग्न झाले. डिसेंबरात युद्ध पेटले. चौदा दिवसांत ते संपले खरे, पण पश्चिम सीमेवरच्या फौजा मागे यायला १९७२ चा डिसेंबर उजाडला. इकडे बहात्तरचा दुष्काळ. आजी खडी फोडायला जाई आणि रेशनच्या लाल मिलोची भाकर खाई. आबांच्या पेटीतली पश्चिमी स्टार आणि संग्राम पदके कुणी पाहायला मागितली की ती हटकून म्हणे, "लढाई तं म्याबी केली. मले कोनं मेडल देल्लं?" आबा हसत. प्रतिवाद मात्र कधी केला नाही.

१९८६ ला ते घरी आले. वय छत्तीस. पेन्शन तुटपुंजी, घरात खाणारी तोंडे सात. अकोल्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगवर रात्रीचे चौकीदार म्हणून लागले आणि तिथेच त्यांनी एकतीस हंगाम काढले. एकाधिकार खरेदीच्या काळात कापसाच्या बंड्यांची रांग रात्र-रात्र फाटकाबाहेर उभी असे. बाहेर थंडीने कुडकुडणारा शेतकरी, आत कापसाचे डोंगर. शेकोटी पेटवायची सोय नाही. आबा फाटकावर बिड्या काढून घेत, त्याबद्दल शिव्या खात आणि मग त्याच माणसाला आपले घोंगडे देत. सकाळी घरी आले की पोरांना शाळेत सोडून झोपत. त्यांच्यासाठी आम्ही कधी हळू बोललो, असे मला आठवत नाही.

माझे वडील दहावीनंतर ऑटो चालवू लागले. आबा त्यावर कधी बोलत नसत. पण मला कॉलेजात घालायचे ठरले तेव्हा स्वतः अमरावतीला आले. कार्यालयाकडे न जाता आधी फाटकावरच्या चौकीदारापाशी थांबले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आमची पोट्टी हाय भाऊ, ध्यान ठेवजा." मी लाजेने चार पावले पुढे निघून गेले. आपण सगळे ज्यांना रोज ओळखपत्र दाखवतो, तेच हे काका. ते मला अजूनही 'फौजीची नात' म्हणतात.

आबा गेल्यावर आजीची पेन्शन सुरू व्हायला हवी होती. ती अडली. कार्यालयातून कागद परत आला : नाव जुळत नाही. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच, म्हणून पेटीतले डिस्चार्ज बुक माझ्या हाती आले. उंची, छातीचे माप, शिक्षण सातवी, ओळखीची खूण, वर्तणूक अत्युत्तम... अख्खा आबा त्या पानांत मोजून लिहिलेला. आणि पत्नीच्या नावापुढे भलतेच नाव! क्षणभर नको ते मनात आले. भीत भीत मी ते आजीला वाचून दाखवले.

आजी गप्प झाली. मग म्हणाली, "हे माहं माहेरचं नाव व."

लग्नात सासरच्यांनी तिचे नाव बदलले होते. भाऊ गेले, आईबाप गेले. त्या नावाने हाक मारणारे कुणी उरले नव्हते. आबांची पत्रे वडिलांच्या नावे येत. शाळेतले गुरुजी ती चावडीवर मोठ्याने वाचत. त्यांत बायकोचे नाव घालायची रीतच नव्हती. ते त्यांनी लिहिले ते फक्त फौजेच्या कागदात. "बैताड होता तुहा आबा," ती म्हणाली, "ध्यानात ठेवलं त्यानं!" आणि मग ती रडली. अंत्ययात्रेच्या दिवशीही अशी रडली नव्हती.

पुढचे सांगण्यात अर्थ नाही : प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, झेरॉक्सचे ढीग, उद्या या, परवा या. ज्या माणसाबरोबर त्रेपन्न वर्षे काढली त्याची बायको आपणच, हे तिला दहा महिने सिद्ध करावे लागले. याच काळात माझ्या मेसचे पैसे थकले. पहिले वर्ष सोडून घरी जावे, असे मी ठरवलेही होते. आजीने गळ्यातली पोत गहाण टाकली. "तो तीस वर्स जागला," एवढेच म्हणाली, "तू परीक्षा दे."

ऑगस्टात पेन्शन सुरू झाली. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याची ती चार ओळींची जाहिरात आजीने कापून पदकांच्या डबीत ठेवली आहे.

गेल्या नोव्हेंबरात तिच्या पहिल्या हयातीच्या दाखल्यासाठी मी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेले. यंत्रावर तिचे बोट उमटेना. खडी फोडून रेषा झिजलेल्या. एक-एक करून दहाही बोटे लावून झाली, शेवटी डाव्या हाताचे एक चालले. खिडकीतल्या बाईंनी नाव विचारले. आजीने दोन्ही सांगितली, आधी माहेरचे.

वाटेत तिने पावशेर जिलेबी घ्यायला लावली. आबांचे नेहमीचे दुकान आता मोबाइलचे झाले आहे, म्हणून पलीकडच्या गल्लीत जावे लागले.