आमच्या जिन्यातल्या मावश्या

आमच्या वडिलांच्या पिढीने अंबरनाथला आयुष्य काढलं ते कारखान्यांच्या भोंग्यावर. कुणी ऑर्डनन्सला, कुणी विमकोत, कुणी धरमसीत. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, पुढे इथेही शेड उभ्या राहिल्या, तसे काका-मामा तिकडे लागले. शेजार म्हणाल तर फाळणीनंतर कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, आलेली सिंधी घरं आणि नोकरीसाठी आलेले मल्याळी. ही सगळी माणसं बरोबरच म्हातारी झाली. आम्ही मुलं सकाळच्या लोकलला. मग म्हाताऱ्यांना सांभाळायला वांगणी-नेरळकडून ब्यूरोच्या मावश्या येऊ लागल्या, आठ ते आठ, बाराची ड्यूटी.

आमच्या मावशी आधी एमआयडीसीत पॅकिंगला होत्या. आमच्या वडिलांचं, अप्पांचं, उजवं अंग लकव्याने गेलेलं, देह चांगला थोराड. मावशी एकट्या त्यांना कुशीवर घ्यायच्या. आधी गुडघा दुमडायचा, मग आडव्या घातलेल्या चादरीची कड मुठीत धरून, "चला अप्पा, हं!" पाठीवर, माकडहाडावर लाली दिसते का बघायची, टाचा टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी सरकवायची. दर दोन तासांनी हेच. अप्पांना शेवटपर्यंत बेडसोर झाला नाही, आणि ते श्रेय कुठल्याही डॉक्टरचं नव्हे.

समोरच्या सिंधी अम्मांची विस्मरणात हिंदी गेली, सिंधी तेवढी उरली. त्यांच्या मावशी मराठीत बोलायच्या, अम्मा सिंधीत; भांडणसुद्धा व्हायचं. साई भाजी घोटून भरवायला त्या शिकल्या. वरच्या मल्याळी आजोबांची मावशी कांजी करायला शिकली. दुपारी पेशंट निजले की तिघींचे डबे जिन्यात उघडायचे.

जुलै 2019 मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली, तेव्हा लोकलही बंद. मावशी घरी जाऊ शकल्या नाहीत, रात्रभर अप्पांच्या उशाशी होत्या. ब्यूरोने त्या रात्रीचा पैसा दिला नाही. तो आईने हातात ठेवला.

अप्पांना सरकारी पेन्शन होतं, मावशींचा पगार त्यातूनच निघायचा. मावशींना मात्र ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी, ना हक्काची रजा. एक दिवस नाही आल्या की खाडा. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा राज्याने 2008 सालीच केला होता. आमच्या जिन्यातल्या तिघींपैकी एकीचीही तिथे नोंद नव्हती, याची चीड अजून येते.