पहिल्यांदा मालवणकडच्या सासरी जाताना

लग्न झाले, सत्यनारायण झाला, कोल्हापूरच्या नाहीतर पुण्याच्या दोन खोल्यांत संसारही मांडून झाला, आणि श्रावण संपता संपता नवरा म्हणतो, "यंदा चतुर्थीला गावी जायचं हं!" गाव म्हणजे मालवण किंवा कुडाळ तालुक्यातले. घाटावरच्या मुलीच्या पोटात इथेच गोळा येतो. सासूसासरे लग्नात भेटलेले असतात, पण घर, भावकी, शेजार, देव आणि मासे यांची ओळख अजून व्हायची असते. आमच्या शाळेतल्या दोघी तरुण बाई अलीकडेच तिकडे दिल्या गेल्या. मी माहेरची मिरजेची आणि पंधरा वर्षे मालवणकडची सून, म्हणून दोघी मधल्या सुट्टीत माझ्याकडे चौकशीला आल्या. त्यांना जे सांगितले तेच, थोडे सविस्तर, तुम्हालाही सांगते.

आधी प्रवासाचे उरकून घेऊ. कोकण रेल्वे जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली, पण मालवणला स्टेशन नाही. कणकवली, सिंधुदुर्ग किंवा कुडाळला उतरायचे. कुडाळहून मालवण तिसेक किलोमीटर. चतुर्थीची तिकिटे साठ दिवस आधी खुली होतात आणि पाहता पाहता संपतात, तेव्हा कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. आपण घाटावरच्या बायका एसटीने किंवा गाडीने फोंडा घाटातून नाहीतर गगनबावड्यावरून उतरतो. वळणे भरपूर. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, घाट लागल्यावर नव्हे. आणि दरड कोसळून घाट बंद नाही ना, हे घरून निघण्यापूर्वीच विचारावे.

सामानात भरजरी साड्या कमी आणि सुती जास्त घ्या. त्या दिवसांत तिकडे धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. उंच टाचेच्या चपला घरीच ठेवा. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेले असते आणि नवी सून खळ्यातच घसरली की ती गोष्ट वाडीभर पुढची दहा वर्षे सांगितली जाते! जुन्या घरांतून न्हाणी मागीलदारी असते, दिवे केव्हा जातील याचा नेम नसतो, पावसात साप-किरडूही निघते. म्हणून स्वतःची बॅटरी हवीच. मोबाईलचा उजेड चालतो, पण चार्जिंग संपले की पंचाईत.

आता भेटवस्तूंचे. नवी सून प्रत्येकासाठी वेगळी वस्तू घ्यायला जाते आणि कोणीतरी हटकून राहतेच. त्यापेक्षा सासूबाईंना आणि घरातल्या इतर वडीलधाऱ्या बायकांना साड्या, आणि बाकी सगळा खाऊ न्यावा. खाऊ घरापुरता नव्हे, वाडीपुरता. शेजारच्या प्रत्येक घरी सासूबाई वाटीभर तरी पाठवणार, "आमच्या सुनेन हाडल्यान" म्हणून. आमच्याकडचे भडंग या कामी फार उपयोगी पडते. वजनाला हलके, टिकते आणि पुरवठ्याला येते. साताऱ्याचे कंदी पेढेही चालतात. माझे एक दीर बोटीवर नोकरीला आहेत. त्यांच्याबरोबर फिलिपिनो खलाशी बरेच असतात. ते घरी जाताना सगळ्या गणगोतासाठी काही ना काही नेतात, त्याला 'पासालुबोंग' म्हणतात. आणि घरात शिरल्यावर वडीलधाऱ्यांचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला टेकवतात, त्याला म्हणतात 'मानो'. दिरांनी हे सांगितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मगे ते आमच्यातलेच गो!" तर नमस्काराचेही ध्यानात ठेवा. घरातल्या साऱ्या थोरांना वाकून करायचा. एखादी विधवा काकी किंवा आत्या आपण होऊन मागे उभी राहते. तिच्याकडे मुद्दाम चालत जावे. मला स्वतःला हा नमस्कार सगळ्यांत आधी करावासा वाटतो आणि मी तसाच करते. कोणी काही म्हटलेले नाही.

पोचल्यावर दोन गोष्टींनी तुम्ही बुचकळ्यात पडाल. पहिली भाषा. "इलंस? कितक्या बारीक झालंस गो! थंय तुका जेवाक घालनत नाय काय?" असा मारा खळ्यापासूनच सुरू होतो. हे भांडण नव्हे, स्वागत आहे. तिकडे प्रेम गोड शब्दांत बोलायची पद्धत नाही. चुलत सासरे एखाद्या पोराला "शिरा पडली तुझ्या तोंडार" म्हणून ओरडतील आणि दुसऱ्या क्षणी त्याच्या ताटात स्वतःच्या पानातला मोदक ठेवतील. १९८० साली गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचाने ही भाषा महाराष्ट्रभर नेली. जमल्यास ते नाटक आधी बघून जा. कान तयार होतो. मात्र तिकडे जाऊन लगेच मालवणी बोलायचा हट्ट नको. तुमच्या तोंडचे "खंय" आणि "आसा" ऐकून सगळे हसतील. मनापासून हसतील, पण हसतील. "बरा आसा" आणि निघताना "येतंय हां" एवढे दोन आले तरी पहिल्या भेटीला पुष्कळ.

दुसरी गोष्ट गाऱ्हाण्याची. पोचलात त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरातला वडीलधारा पुरुष देवापुढे नारळ ठेवून उभ्याने मोठ्याने गाऱ्हाणे घालतो. "बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात होते आणि प्रत्येक मागण्यानंतर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे. पदर नीट घेऊन उभे राहा आणि तुम्हीही मोठ्याने म्हणा. माझ्या वेळी माझे नाव, माहेरचे गाव, इतकेच काय माझी शाळेची नोकरीसुद्धा देवाला सांगितली होती! लग्नात शंभर माणसांनी नाव घ्यायला लावले त्यापेक्षा त्या दोन मिनिटांत आपण या घरच्या झालो असे मला जास्त वाटले.

आता ज्याची सर्वांना धास्ती असते ते जेवण. शाकाहारी घरातल्या मुलींनी पहिली भेट चतुर्थीलाच ठरवावी, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. गणपती घरात असेपर्यंत चुलीवर मासे चढत नाहीत. (काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, ते नवऱ्याला आधी विचारून घ्या.) काळ्या वाटाण्याचे सांबार, वडे, अळूची भाजी, खीर, हळदीच्या पानातल्या पातोळ्या आणि उकडीचे मोदक यांवर पाच दिवस सुखात जातात. विसर्जन झाले की मात्र बांगड्याची आठवण घरभर सुरू होते. तेव्हा नाकाला पदर लावू नका आणि "वास येतो" हे दोन शब्द तर मुळीच नकोत. तिथल्या सारस्वत ब्राह्मणांच्या घरीही मासे असतात. मासा हे तिकडे चैनीचे नाही, रोजचे अन्न आहे. आपण खात नसू तर तसे नवऱ्याने आधी फोनवर सांगून ठेवावे, आपण पानावर बसून नव्हे. मी अजूनही मासे खात नाही, पण घेताना कल्ले लाल आहेत का ते पाहायला आणि बांगडा साफ करायला शिकले. सासूबाईंना त्याचेच अप्रूप.

खाणाऱ्या असाल तर एक सूचना. सारात तिरफळे दिसतील, ती बाजूला काढायची. चुकून चावले गेले तर जीभ बधिर होते. सोलकढी पहिल्यांदाच घटाघट पिऊन टाकू नये, शेवटच्या भातासाठी ठेवावी. सकाळी उकड्या तांदळाची पेज पुढे आली तर "आजारी आहे का कोणी?" असे विचारू नका, तो तिथला नाश्ता आहे, आणि लोणच्याबरोबर फार छान लागतो.

हे सगळे कसेही निभावते. खरी जपायची असते ती गावी राहणारी जाऊ.

बहुतेक घरांत एक भाऊ मुंबईला, एक पुण्याला, एक गावाला असतो. गणपती सगळ्या भावकीचा एकच. चतुर्थीला चाकरमानी येतात, घर तीस-तीस माणसांनी भरते, आरत्या, भजने, फुगड्या होतात आणि पाच-सात दिवसांनी सगळे परत जातात. उरलेले वर्षभर देवापुढे दिवा लावते ती ही जाऊ. पावसाआधी कौले शाकारून घेणे, सासूबाईंची औषधे, गुरे, माडांचे पाडप, सगळे तिच्याकडे. आपण यायच्या आधी आठवडाभर ती भिंती रंगवते, भाजण्या आणि पिठे करून ठेवते. आणि आपण येऊन काय म्हणतो? "अय्या, किती शांत आहे हो इथे! तुमची मजा आहे बाई."

असे म्हणू नका. आणि दुसरे एक वाक्यही टाळा: "इथे पर्यटकांसाठी खोल्या काढल्या तर काय छान चालतील!" तारकर्ली-देवबागच्या बाजूला घरोघरी पाहुणे उतरू लागल्यापासून जमिनींचे भाव कुठल्या कुठे गेले आहेत. सातबाऱ्यावर दहा-बारा नावे असतात. तुम्ही सहज बोललेले वाक्य माजघरात पोचेपर्यंत 'नवी सून वाटणी मागते' असे झालेले असते. ज्या घरात जाऊ राहते त्या घराचा कागद तिच्या नावावर नसतो, ही भीती तिच्या मनात कायम असते. घराविषयी बोलायचेच असेल तर नवऱ्याशी, आणि तेही परत आल्यावर.

स्वयंपाकघर तिचे आहे. तिथे जाऊन डबे उघडू नयेत, "आमच्याकडे असं करतात" हे तर नकोच. "वहिनी, मी काय करू?" एवढे विचारून ती सांगेल ते करावे. खोबरे खवायला अडाळ्यावर बसता आले तर उत्तम. तीस माणसांच्या वाटपाला नारळ किती लागतात ते तिथेच कळते. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईबरोबर जेवायला बसावे. माझ्या पहिल्या चतुर्थीला तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता वहिनी आणि मी मागीलदारी पायरीवर जेवत होतो. पुढे पडवीत पुरुषांचा पत्त्यांचा डाव रंगलेला. त्या म्हणाल्या, "पाच दीस घर माणसांनी भरता, मगे घर खावक उठता." मी काहीच बोलले नाही, बोलण्यासारखे नव्हतेच. पण तेव्हापासून विसर्जनानंतर आठवड्याने मी त्यांना फोन करते. सगळे गेल्यानंतरचा तो आठवडा त्यांना फार जड जातो.

पैशांचेही सांगते. सणाच्या खर्चाची वर्गणी पुरुष आपापसांत ठरवतात, त्यात गॅस, किराणा, सामान धरलेले असते; जावेचे कष्ट कोणी धरत नाही. तिच्या हातात वेगळे काहीतरी द्यावे, साडी किंवा पाकीट, आणि सगळ्यांसमोर नव्हे.

सोहळ्यांपैकी नव्या सुनेचा म्हणजे ओवसा. लग्नानंतरच्या गौरीला सुपांत फळे, भाज्या, पाने मांडून गौरीपुढे ओवसायचे, मग ती सुपे थोरामोठ्यांना द्यायची आणि त्यांनी सुनेच्या हातात काही ठेवायचे. पुष्कळ घरांत गौरी पूर्वा नक्षत्रावर आल्या तरच पहिला ओवसा होतो, नाहीतर तो पुढच्या वर्षावर जातो. सुपे किती, ती माहेरची की सासरची, हे घराघरांत निराळे असते. तेव्हा आईला महिनाभर आधी सासूबाईंशी बोलायला लावा, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको. गणपतीवर टांगलेल्या माटवीकडेही नीट बघा. नारळ, सुपारी, हरणे, शेरवड, कवंडळे अशी रानातली फुले-फळे तिला बांधलेली असतात. नावे विचारलीत तर घरातली लहान मुले तुमची पक्की दोस्त होतील. रात्री भजनी मंडळी येतात तेव्हा झोप आली तरी बसून राहावे. आणि फुगडीला ओढले तर उठावे.

फिरायला जायचेच असेल तर शेवटचा दिवस ठेवा, आणि दोघेच जाऊ नका. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या समुद्र खवळलेला असला की बंद असतात, बंदरावर चौकशी करावी. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात शिवराजेश्वराचे देऊळ आहे, आणि चहूकडे खारे पाणी असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. जाऊबाईंना बरोबर न्या. आमच्या वहिनी मालवणपासून बारा किलोमीटरवर राहतात, पण माझ्याबरोबर आल्या त्याआधी अकरा वर्षे त्या किल्ल्यावर गेल्या नव्हत्या. त्या दिवशीचा स्वयंपाक घरातल्या पुरुषांनी केला. भात लागला होता म्हणे.

निघताना एक रिकामी पिशवी ठेवा. कुळथाचे पीठ, सोले, आगळ, उकडे तांदूळ, नारळ, सुका जवळा असे काय काय बांधून मिळेल. "नको, नको" म्हणू नये. ती मापे महिनाभर आधी काढून ठेवलेली असतात. आगळाच्या बाटलीचे बूच मेणाने बंद करून घ्या आणि बाटली उभीच ठेवा, नाहीतर साड्यांना पडलेले डाग जात नाहीत. सुका जवळा मात्र दोन पिशव्यांत घालून, वर वर्तमानपत्र गुंडाळून, एसटीच्या डिकीत टाकावा. आत घेऊन बसलात तर गगनबावडा येईपर्यंत सगळी एसटी तुमच्याकडे बघू लागेल.