बोकडाचा वास

लेकीचं जॅकेट धुऊनही वास जात नाही. गाडीत हीटर लावला की तो आणखीच उफाळतो. आमचा नायजेरियन ड्वार्फ बोकड सध्या माजावर आहे; स्वतःच्याच दाढीवर मुततो, आणि लेक त्याच दाढीला गाल लावून शाळेला निघते. इथे ओहायोत सगळ्यांनी नाकाला रुमाल लावला. माझ्या मात्र डोळ्यांपुढे आजीचं तुळजापूरकडचं अंगण आलं.

आजीच्या शेळ्या काळ्याभोर, उस्मानाबादी, उंच पायांच्या. आमच्या या खुज्या. मादी खांद्यापाशी साडेबावीस इंचांच्या आत हवी, असा इथला जातीचा नियम. पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले. अमेरिकन डेअरी गोट असोसिएशनने त्यांना दुभत्या जातींत 2005 साली घेतलं. सड एवढेसे की धार मुठीने निघत नाही, अंगठा आणि दोन बोटं पुरतात. दूध थोडं, पण स्निग्धांश सहा टक्क्यांच्या वर. चहा असा दाट होतो की पाहुणे दुसरा कप मागून घेतात, आणि दूध कशाचं ते कळलं की कप खाली ठेवतात. माझा एक मामाही असाच. शेळीच्या दुधाला वास मारतो म्हणायचा आणि मटणाच्या रश्श्याला वाटी पुढे करायचा. त्याला मी अजून माफ केलेलं नाही. बोकड लांब बांधा, भांडं स्वच्छ ठेवा, दूध लगेच गार करा. कसला वास येतो?

बोकड लांब बांधा, म्हणायला सोपं. नवरात्राच्या तोंडावर आजीने एक करडू विकलं होतं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. तुळजापुरात नवमीला अजाबळी असतो, त्यामुळे त्या दिवसांत भाव चढा. घेणाऱ्याने स्वतःची दोरी आणली होती. आजीने आपलं दावं सोडून घेतलं. “दावं देत नसतात,” म्हणाली आणि ते खुंटीला अडकवलं.

इथे गांधीजी उगाचच मध्ये येतात. जानेवारी 1919, मुंबई, अंथरुणाला खिळलेले. दूध न पिण्याचं व्रत. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती ना, मग शेळीचं चालेल, असं कस्तुरबांनी सुचवलं. ते प्यायले, आणि ती टोचणी त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली. टोचणी व्रताचे शब्द पाळून आशय मोडल्याची होती. त्या शेळीच्या बोकडाचं काय झालं, हे मला विचारावंसं वाटतं. शेळी व्यायल्याशिवाय दूध नाही, आणि व्याली की निम्मे बोकडच.

आमच्याकडे वसंतात तीन करडं झाली, त्यांतले दोन बोकड. खच्ची करून कुणाच्या मुलांना खेळायला द्यायचे, असं लेकीने ठरवलंय. तिने नावंही ठेवलीत. घेणारं कुणी मिळत नाही. पेंढा महाग.

आजीकडे काटा नव्हता. पाठीच्या कण्यावरून हात फिरवून ती किंमत सांगायची, आणि त्यातला रुपयाही कमी करायची नाही. त्याच पैशांतून माझी शाळेची फी भरली जायची. हे मला तेव्हाही माहीत होतं.

काल मराठी मंडळातल्या एकाचा फोन आला. इकडचं-तिकडचं झाल्यावर म्हणाला, “ते दोघं किती भरतील हो?”

“दिवाळीपर्यंत तीसेक पौंड,” मी म्हणालो, आणि लेक स्वयंपाकघरात आली म्हणून फोन घेऊन बाहेर गेलो.